सहा की सात

पौष वद्य एकादशी, शनिवार, रात्र

आज सकाळचे सगळे झोपण्यापूर्वीच लिहून ठेवते, कारण उद्यापर्यंत त्यात माझ्या मनाची भर पडेल आणि मग काय खरे दिसले नि काय नंतर सुचले हे मलाच वेगळे करता येणार नाही.

एकादशीला भरती सव्वाआठच्या सुमारास पूर्ण होते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे गणित दिवाळे गावातल्या एका कोळी आजोबांनी मला शिकवले होते आणि ते सहसा चुकत नाही. खाडीतला चिखल पाण्याखाली जाऊ लागला की तिथले पक्षी आतल्या तळ्यांवर येऊन बसतात, म्हणून मी सातलाच नेरूळच्या टीएस चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेमागच्या तळ्यावर पोहोचले. मधोमध थापट्या बदकांचा मोठा थवा होता, त्यांच्या अलीकडे पन्नासेक भुवई बदके झोपलेली होती, आणि तिवरांच्या कडेला उथळ पाण्यात सात छोटी बदके चरत होती. त्यांतली सहा चक्रांग होती, यात शंका नव्हती. (पुस्तकात चक्रांग असते, तळ्यावर मात्र सगळे कॉमन टीलच म्हणतात.) सातव्या मादीच्या चोचीच्या मुळाशी, गालावर, फिकट गोल ठिपका होता. अंगठ्याने पिठाचा ठसा उमटवावा तसा.

बैकल टीलच्या मादीची पहिली खूण हीच. पुस्तकातले ते चित्र मी गेली बारा वर्षे पाहत आले आहे, आणि हा पक्षी आपल्याला कधी दिसणार नाही, हेही तितकीच वर्षे गृहीत धरून आहे. पूर्व सैबेरियात वीण करायची आणि हिवाळा कोरिया, जपान, चीनमध्ये काढायचा, असा त्याचा क्रम आहे. दक्षिण कोरियात त्याचे लाखोंचे थवे संध्याकाळी धुरासारखे उठतात. भारतात मात्र तो फार क्वचित, वाट चुकूनच येतो. नवी मुंबई त्याच्या वाटेवर कुठेच नाही.

अकरा फोटो मिळाले. नंतर एक घार खाली आली, सगळी बदके उडाली आणि ती मादी थापट्यांच्या गर्दीत मिसळून गेली. मी ठाण्याच्या काकांना, आमच्यातल्या जाणत्या पक्षीनिरीक्षकांना, फोन लावला. माझे सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारले, "ताई, पंख उघडलेला एखादा फोटो आहे का?" तसा फोटो नव्हता. "मग थांबा," ते म्हणाले. मी दहा मिनिटे थांबले. मग आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपवर फोटो टाकून लिहिले, "बैकल टील, मादी? कृपया पाहावे." ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरही चक्रांग सहा आणि बैकल टील एक अशी नोंद केली. दुर्मीळ पक्ष्यासाठी तिथे तपशील लिहावा लागतो, तो मी अगदी मन लावून लिहिला.

दुपारी तोच फोटो दुसऱ्या एका ग्रुपवरून माझ्याकडे परत आला. त्यात माझे प्रश्नचिन्ह गळून पडले होते आणि त्याच्या जागी तीन उद्गारचिन्हे आली होती. ते दुरुस्त करायला हवे होते. केले नाही, कारण खरे सांगायचे तर मला ती उद्गारचिन्हे आवडली होती.

पौष वद्य द्वादशी, रविवार

साडेसहाला पोहोचले तेव्हा बांधावर तीसेक माणसे आधीच उभी होती. डोंबिवलीचे होते, कल्याणचे होते, एक जोडपे पहाटेच्या गाडीने पुण्याहून आले होते, आणि कळव्याची एक कॉलेजातली मुलगी दुर्बीण उसनी घेऊन आली होती. माझी ओळख "ज्यांना दिसला त्या ताई" अशी करून दिली जात होती. कोणी मला चहा दिला, कोणी स्कोपपाशी जागा करून दिली. एखाद्याच्या घरी बारसे असावे तसा मान मला मिळत होता आणि मी तो घेत होते. निघताना घरून ऐकू आलेले वाक्य, "बदकासाठी रविवारचा बाजार बुडवतेस," तेव्हा विसरायला झाले होते.

भरती नऊची होती, त्यामुळे वेळ भरपूर होता, आणि पक्षी दिसण्यापूर्वीच वाद सुरू झाला. बदकांच्या बाबतीत हा वाद ठरलेलाच असतो: रानातून आलेला की पिंजऱ्यातून सुटलेला? बैकल टील हौसेने पाळतात, मॅंडरिन बदक तर त्याहून जास्त. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये 2018 साली ज्या मॅंडरिन नराने गर्दी खेचली त्याच्या पायात कडे होते. उलट आसाममध्ये तिनसुकियाजवळच्या मागुरी-मोटापुंग बिलावर, म्हणजे पाणथळ तळ्यावर, फेब्रुवारी 2021 मध्ये मॅंडरिन आला, तेव्हा तिथली आधीची नोंद 1902 सालची असल्याचे सांगितले गेले आणि लोक दूरदूरून धावले. म्हणून जाणकार आधी पक्ष्याचे रूप पाहत नाहीत. पायात कडे आहे का, पंखाची टोके कापलेली आहेत का, मागचे बोट शाबूत आहे का, माणसाला पाहून तो दूर जातो की जवळ येतो, हे आधी पाहतात.

काकांनी डेन्मार्कची गोष्ट सांगितली. तिथे 2005 साली एक तरुण बैकल टील पक्षी शिकारीत मारला गेला. त्याच्या पिसांतली समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू) तपासली, तेव्हा जुनी पिसे सैबेरियाच्या पाण्यावर आणि अन्नावर वाढलेली निघाली आणि नवी पिसे पश्चिमेकडच्या. पीस एकदा पूर्ण वाढले की त्याचा रक्ताशी संबंध तुटतो आणि ज्या ठिकाणी ते वाढले तिथला रासायनिक ठसा त्यात तसाच राहतो. युरोपातल्या बैकल टीलच्या नोंदींकडे तोवर सुटलेले पाळीव पक्षी म्हणूनच संशयाने पाहिले जात असे. त्या एका पक्ष्यामुळे निदान हे ठरले की इतकी वाट चुकणे शक्य आहे. कळव्याच्या मुलीने विचारले, "पण ती वाट चुकते कशी?" पहिल्याच वर्षी स्थलांतर करणाऱ्या पिल्लाची उपजत दिशा कधी उलटी लागते, कधी वारा ढकलतो, आणि बदके तर दुसऱ्या जातीच्या थव्यातही सहज सामील होतात. एकदा भुवई बदकांच्या मागे लागले की ती नेतील तिथे जायचे. मुलगी थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे आपण आनंदाने धावत येतो तेव्हा तिथे एक जण हरवलेला असतो." यावर कोणी काही बोलले नाही. मला ते बोलणे लागले, पण तेव्हा माझे डोळे तिवरांवर होते.

आठ वाजून चाळीस मिनिटांनी ती आली. तेच सात, तीच कड. बांधावर इतकी शांतता झाली की पाम बीच रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येऊ लागल्या. कॅमेऱ्यांची टकटक सुरू झाली, कोणीतरी हळूच "लायफर" म्हणाले, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेला पक्षी. काका स्कोपला डोळा लावून बसले आणि वीस मिनिटे उठले नाहीत.

मग ती मादी पाण्यातून एका ढेकळावर चढली, दोनदा शेपूट झटकली आणि डावा पंख व डावा पाय एकदम मागे ताणला. बदके झोपेतून उठल्यावर नेहमी करतात तसा आळस. पंखावरचा हिरवा पट्टा, ज्याला आम्ही स्पेक्युलम म्हणतो, पूर्ण उघडला. जेमतेम दोन सेकंद. बैकल टीलच्या या हिरव्या पट्ट्याची पुढची कड तांबूस असते आणि मागची कड रुंद पांढरी. कॉमन टीलचे नेमके उलट: पुढची कड रुंद पांढरी, मागची बारीक.

काकांनी डोळा काढला नाही. फक्त म्हणाले, "ताई, पुढे पांढरे आहे."

मी पाहिले होतेच. त्यांनी सांगण्याआधीच मला दिसले होते आणि तरीही क्षणभर मी तो पांढरा रंग उन्हाच्या नावावर खपवायला निघाले होते.

पुण्याच्या जोडप्याने फार सभ्यपणे निरोप घेतला. सव्वानऊपर्यंत बांध रिकामा झाला. कोणी रागावले नाही, उलट दोघातिघांनी "होते असे" म्हटले, आणि रागापेक्षा ते सहन करणे मला अवघड गेले. कळव्याची मुलगी मात्र थांबली. तिने अजून भुवई बदकाची मादी आणि चक्रांगाची मादी शेजारी शेजारी पाहिलेली नव्हती.

पौष वद्य त्रयोदशी, सोमवार

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत ते अकरा फोटो पुन्हा उघडले. चौथ्या फोटोत ती मादी दुसऱ्या चक्रांगाच्या अगदी बाजूला आहे आणि दोघींचा आकार एकसारखा आहे. बैकल टील साधारण चाळीस सेंटिमीटरची, चक्रांग पस्तीसच्या आसपास. शेजारी असत्या तर हा फरक दिसलाच असता. सातव्या फोटोत तो ठिपका गोल नाही, खालच्या बाजूने गालात विरघळला आहे आणि त्याभोवती गडद कडाही नाही. चक्रांगांच्या काही माद्यांना चोचीपाशी असा फिकट ठिपका असतो, आणि या एका ठिपक्याने जगभरच्या निरीक्षकांना फसवले आहे, हे माझ्याच पुस्तकात, त्याच चित्राखाली छापलेले आहे. त्या ओळीखाली माझ्याच पेन्सिलीची रेघ आहे.

म्हणजे शनिवारीच हे सगळे माझ्या हातात होते. अकरांपैकी मी ग्रुपवर टाकला तो दुसरा फोटो, ज्यात ती एकटी आहे आणि ठिपका सर्वांत गोल दिसतो. तो मी निवडला होता. घाईत हाताला लागला, असे काल काकांना सांगितले. ते खरे नव्हते.

संध्याकाळी दोन्ही ग्रुपवर दुरुस्ती लिहिली, पंखाच्या फोटोसकट. काकांचा एक अंगठा आला आणि कळव्याच्या मुलीचा प्रश्न आला, की येत्या शनिवारी भरती किती वाजता आहे. शनिवारी माघ शुद्ध तृतीया, म्हणजे सव्वादोन, तिला कळवले.

मग ई-बर्डची नोंद उघडली. बैकल टील एक, खोडले. चक्रांग सहा होते, तिथे सात केले.