प्रयोगशाळेतला नळ

नववीत सरांनी विचारलं, "करंट शेवटी जातो कुठं?" मी मागच्या बाकावरून ठोकून दिलं, "जमिनीत." फ्रिजचा झटका बसला की आई हेच म्हणायची. सरांनी मला पुढं बोलावलं, हातात टॉर्चचा सेल, बल्ब आणि दोन वायरी दिल्या. "घालव बघू जमिनीत."

प्रयोगशाळेच्या नळाचा लोखंडी पाइप थेट जमिनीत गेलेला. सरांनी ब्लेडनं त्याचा गंज खरवडला. मी सेलच्या एका टोकाला बल्ब लावून त्याची मोकळी वायर पाइपवर टेकवली. ढिम्म. सेल उलटा केला, तरी ढिम्म. वर्ग फिदीफिदी हसत होता. मग सरांनी सेलच्या दुसऱ्या टोकाची वायर त्याच पाइपला लावली आणि बल्ब लागला. "एका टोकातून निघायचं तर दुसऱ्या टोकाला परतायची वाट हवी. ती नसेल तर इलेक्ट्रॉन वाहणारच नाहीत."

"मग घरी शॉक का बसतो?" कारण कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, मुद्दाम अर्थ केलेला, म्हणजे जमिनीला जोडलेला असतो. फेजला, म्हणजे करंट आणणाऱ्या तारेला, हात लागला की आपलं अंग, ओली फरशी, जमीन आणि परत ट्रान्सफॉर्मर, अशी फेरी पुरी होते. आई अर्धी बरोबर होती म्हणायची. संध्याकाळी ठाणे स्टेशनवर मी लोकल नव्यानं पाहिली: वर एकच तार, परतीची वाट चाकांतून रुळांत. तेव्हा ती १५०० व्होल्ट डीसीवर, म्हणजे एकाच दिशेनं वाहणाऱ्या करंटवर धावायची.

आज वागळे इस्टेटमध्ये मी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बांधतो. २३० व्होल्ट आत, २३०च बाहेर. गिऱ्हाईक विचारतं, मग पैसे कशाचे? आतल्या दोन वाइंडिंगमध्ये, म्हणजे तारेच्या दोन गुंडाळ्यांमध्ये, तारेचा सांधा नाही आणि बाहेरची बाजू कुठंही अर्थ केलेली नाही, याचे. तिच्या एका वायरीला हात लागला तरी फेरी पुरी होत नाही. दोन्हींना लागला, किंवा एक वायर आधीच कुठं यंत्राच्या धातूच्या बॉडीला टेकलेली असली, तर मात्र खैर नाही. नवी पोरं टेस्टर लावतात आणि दचकतात, कारण तो दोन्ही वायरींवर मिणमिणतो. वाइंडिंग आणि जमीन यांच्यात, तारेनं जोडलेले नसतानाही, कपॅसिटरसारखा किंचित करंट झिरपतो, तेवढा टेस्टरमधल्या निऑन दिव्याला पुरतो. गंमत म्हणजे घरच्या एसी करंटच्या ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० वेळा होणाऱ्या, ये-जा करण्यात तारेतला इलेक्ट्रॉन केसाच्या जाडीइतकाही सरकत नाही.

नवा पोरगा कामावर आला की मी त्याला सेल-बल्ब देतो आणि सरांचाच प्रश्न विचारतो. आमच्याकडचे पाइप पीव्हीसीचे, म्हणून बल्ब अर्थिंगच्या पट्टीवर टेकवायला लावतो. उत्तर अजून तेच येतं, "जमिनीत."