बाप्पाचा इमोजी

गिरगावात आमचं डिझाइनचं छोटं ऑफिस आहे. मंडळांची पावतीपुस्तकं, अहवाल, कमानीचे बॅनर हेच मुख्य काम. जूनमध्ये एका मंडळाचे अध्यक्ष कार्यकर्त्यांना घेऊन आले आणि म्हणाले, "भाऊ, यंदा फोनमध्ये बाप्पाचा इमोजी आला पाहिजे. किती भरायचे ते सांगा."

भरायचं काहीच नसतं. नवा इमोजी अमेरिकेतली युनिकोड कन्सॉर्शियम ही संस्था ठरवते आणि एप्रिल ते जुलै कुणीही अर्ज करू शकतो. 'यंदा' मात्र विसरा. अर्जापासून कीबोर्डपर्यंत पोचायला दोन वर्षंही लागतात.

"मग लाखभर सह्या आणतो," खजिनदार म्हणाले. सह्यांना तिथे किंमत नाही. लोक तुमचा शब्द नेटवर किती शोधतात याचे गूगल ट्रेंड्सचे आलेख जोडायचे, आणि तुलना करायची 'एलिफंट' या शब्दाशी. माप हत्तीचं म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे उजळले. आपलंच काम!

मग मी नियम पुढे वाचले: देवदेवता, विशिष्ट व्यक्ती, विशिष्ट इमारती, कंपन्यांचे लोगो चालत नाहीत. 2019 साली देऊळ आलं, पणती, साडी आणि रिक्षाही आली. देव मात्र नाही.

"मोदक तरी?" मोदकाला आडवा येतो 2017 साली आलेला डंपलिंगचा, म्हणजे सारण भरलेल्या पिठाच्या गोळ्याचा इमोजी. असलेल्या इमोजीने भागत असेल तर समिती नवा देत नाही. उकडीच्या मोदकाला डंपलिंग म्हटलेलं ऐकून एक काका उठून बाहेरच गेले.

मला विचाराल तर देवांचा नियम शहाणपणाचा आहे. युनिकोड फक्त क्रमांक आणि नाव ठरवते, चित्र ॲपल, गूगल, सॅमसंग आपापलं काढतात. म्हणजे प्रत्येक फोनमध्ये वेगळा गणपती, आणि एकदा दिलेला क्रमांक कधीच परत घेत नाहीत. नाराजी झाली तर जाब कुणाला विचारणार? अध्यक्षांना हे पटलं नाही. "बाप्पा सगळीकडे बाप्पाच," म्हणाले.

शेवटी मी व्हॉट्सॲप स्टिकर सुचवले. त्यांना कुठल्या समितीची मंजुरी लागत नाही. लगेच कच्चं चित्र काढायला बसलो, तर सोंड डावी की उजवी यावरून खजिनदार आणि अध्यक्षांची जुंपली. संध्याकाळी ऑफिस बंद करायची वेळ झाली तरी सोंड ठरली नव्हती.