यादीतला सातवा संदर्भ

ग्रंथालयातल्या संदर्भ विभागाचं काम म्हणजे कपाटातून पुस्तकं काढून देणं, असं बाहेरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात निम्मा वेळ वाचकाला नेमकं काय हवंय हे त्याच्याकडूनच काढून घेण्यात जातो, आणि उरलेला स्पर्धा परीक्षेच्या मुलांची खुर्च्यांवरून होणारी भांडणं सोडवण्यात. त्यामुळे पीएच.डी. करणारी एक मुलगी सात संदर्भांची टाइप केलेली यादी घेऊन आली तेव्हा बरं वाटलं. विषय पानशेतचा पूर. कर्ता, साल, खंड, अंक, पानं, सगळं जिथल्या तिथे. खाली मार्गदर्शकांची सही. "मॅडम, एवढं फक्त काढून द्या."

इतकी नेटकी यादी माणूस करत नाही. माणसाच्या यादीत एखादं साल राहून जातं, एखादा पानाचा आकडा समासात पेनाने घातलेला असतो. विचारलं, तर यादी चॅटबॉटने दिली होती. तिने ते लपवलं नाही, हे तिच्या बाजूने सांगायला हवं.

पहिला संदर्भ एका मराठी दैनिकाचा, १२ जुलै १९६१, पान १, पुराचा वृत्तांत. धरण फुटलं त्याच दिवशी, सकाळी. सकाळचं वर्तमानपत्र आदल्या रात्री छापून होतं; मग त्यात बुडालेल्या पेठांची नावं येणार कुठून? दुपारचा जादा अंक असेल तर तशी नोंद हवी. तरीही बांधीव खंड काढला, कारण तर्कावर "नाही" म्हणायचं नसतं. पहिल्या पानावर पूर नव्हता. १३ तारखेपासून पुढे मात्र वाचण्यासारखं पुष्कळ होतं, ते तिला तिथेच बसवून वाचायला दिलं.

दुसरं पुस्तक. साल १९६२ आणि सोबत तेरा अंकी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक. आयएसबीएन हा आंतरराष्ट्रीय प्रमाण झाला १९७० मध्ये, आणि तेरा अंक आले २००७ पासून. पुनर्मुद्रणाला नवा क्रमांक मिळतो, म्हणून एवढ्यावर निकाल देता येत नाही. पण कागदावर पडताळणी करता येते: डावीकडून पहिला अंक तसाच घ्यायचा, दुसऱ्याची तिप्पट, तिसरा तसाच, चौथ्याची तिप्पट, असं तेराव्यापर्यंत जाऊन बेरीज करायची. बेरजेला १० ने निःशेष भाग गेला पाहिजे. इथे बेरीज आली ११३. हिशेब जुळला असता तरी पुस्तक आहेच असं ठरलं नसतं. क्रमांक घडणीने बरोबर आहे, एवढंच कळलं असतं. मग वर्ल्डकॅटवर, म्हणजे जगभरच्या ग्रंथालयांच्या एकत्रित सूचीत, कर्त्याच्या नावाने, नंतर शीर्षकातल्या दोनच शब्दांनी शोधलं. काही नाही.

तिसरा लेख १९६३ चा, डीओआयसकट, म्हणजे लेखाच्या कायमच्या ऑनलाइन ओळख क्रमांकासकट. जुन्या लेखाला डीओआय असणं संशयास्पद नाही, प्रकाशक मागच्या अंकांनाही तो देतात. क्रमांक डीओआयच्या संकेतस्थळावर टाकला, तर उघडला मत्स्यपालनावरचा निबंध. पण खरी खात्री होते ती त्या खंडाच्या अनुक्रमणिकेत. नियतकालिक खरं, खंडही खरा. फक्त यादीत दिलेली पानं भलत्याच लेखाच्या मधोमध पडत होती. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि ती कुणीही करत नाही. सही करणाऱ्यांनी तर नाहीच नाही. महाविद्यालयांत "माहिती साक्षरते"ची कार्यशाळा होते ती तासाभराच्या स्लाइड आणि शेवटी प्रमाणपत्र. अनुक्रमणिका उघडून पाहायला त्यात कुणी शिकवत नाही.

चौथा-पाचवा त्याच मासल्याचे.

सहावा "बावडेकर आयोगाचा अंतिम अहवाल". इथे मी जरा थांबले, कारण यातला बावडेकर खरा आणि आयोगही खरा. चौकशी आधी न्यायमूर्ती बावडेकरांकडे होती, पुढे ती न्यायमूर्ती नाईकांकडे गेली आणि अहवाल त्यांचा. तोही "नाईक आयोग" असं टाकून ओपॅकमध्ये, म्हणजे ग्रंथालयाच्या ऑनलाइन सूचीत, सहसा सापडत नाही. सरकारी अहवालाची नोंद शासनाच्या नावाखाली होते, न्यायमूर्तींच्या नाही, आणि त्या काळच्या इंग्रजी नोंदीत शहर "पूना" आहे. म्हणून कर्ता म्हणून महाराष्ट्र शासन, विषयात पानशेत, आणि साल १९६१ ते १९६५ असं सैल ठेवायचं. अशा अहवालांसाठी मी आधी गोखले संस्थेच्या ग्रंथालयाकडे पाठवते. जाताना आपल्या ग्रंथपालाचं पत्र न्यावं. असे अहवाल आंतरग्रंथालयीन देवघेवीत सहसा बाहेर पडत नाहीत, तिथेच बसून टिपणं काढावी लागतात. तिच्या प्रबंधाला लागणारा सगळ्यात दांडगा दस्तऐवज अस्तित्वात होता, आणि यादीत नेमका त्याचाच पत्ता चुकलेला.

सातवा अजून डोक्यातून जात नाही. १९८६ च्या एका दिवाळी अंकातला लेख. पुराला पंचवीस वर्षं झालेली, कर्ता त्या विषयावर लिहिणारा, अंकही त्या काळी निघत होता. दिवाळी अंकांची सगळे अंक धरणारी सूची नाही. आमच्याकडे त्या सालचा तो अंक नाही, ज्या दोन ग्रंथालयांना विचारलं त्यांच्याकडेही नाही. नेटवर लेखाचा उल्लेख दोन ठिकाणी मिळाला, दोन्हीकडे कर्त्याच्या आडनावात एकच चूक. म्हणजे साक्षीदार दोन नाहीत, एकाने दुसऱ्याची नक्कल केलीय. गूगल स्कॉलरमध्येही तो दिसतो, पण दुव्याशिवाय, नुसतं "उद्धरण" असं लिहून. त्याचा अर्थ एवढाच की कुणी तरी तो उद्धृत केलाय.

चिठ्ठीवर मी लिहिलं: "सापडला नाही", आणि खाली कुठे कुठे पाहिलं ते. मार्गदर्शकांचा फोन आला. "आहे की नाही, एवढंच सांगा."

"पाहिलेल्या ठिकाणी नाही, सर."

"मग नाही असं तर म्हणत नाही ना तुम्ही? ठेवू देत तिला."

बाकीचे सगळे तिने यादीतून वगळले, हा राहिला. प्रबंध झाला की शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, चढेल, तिथून कुणी तरी हा संदर्भ उचलेल, आणि मग कुणी तरी माझ्याच टेबलाशी येऊन म्हणेल, मॅडम, हा तर प्रबंधात आहे.