स्टेपलची दोन भोकं

व्हॉट्सॲपवर आलेला स्कॅन इतका नीटनेटका होता की तिथंच शंका आली. मुखत्यारपत्राची चारही पानं सपाट, कोपरा दुमडल्याची सावली कुठंच नाही. मोठं करून पाहिलं तर प्रत्येक पानाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात पिन नाही, नुसती दोन भोकं. कुपवाड एमआयडीसीतल्या त्या कंपनीच्या ऑफिसला लगेच फोन लावला.

"स्टेपल काढून स्कॅन केलंत का?"

"हो साहेब, फीडरमध्ये जात नव्हतं. परत मारलीय की पिन."

मुंबईहून अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय लावतं ते प्रमाणपत्र, लागून आलेला तो संच त्याच संध्याकाळी नेदरलँड्सच्या कुरियरला द्यायचा होता. तो थांबवायला सांगितला.

अपॉस्टिलचं स्टिकर शेवटच्या पानाच्या पाठीमागे असतं. कागदातला मजकूर खरा आहे असं ते म्हणत नाही. खाली सही कुणाची, कोणत्या हुद्द्यानं केलेली आणि शिक्का कुणाचा, एवढंच सांगतं. म्हणजे पक्कं काय, तर स्टिकर असलेलं पान. आधीची तीन पानं त्याला पिनेनं आणि शिक्क्यांनी बांधलेली. पिन एकदा निघाली की मधलं पान बदललेलं नाही हे दाखवायला हातात फारसं काही उरत नाही. नेदरलँड्समधला नोटरी असा संच परत करू शकतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

कंपनीला तिकडं बीव्ही, म्हणजे आपल्या प्रायव्हेट लिमिटेडसारखी कंपनी काढायची होती. तिचं स्थापनापत्र डच नोटरीसमोरच होतं. संचालकाला जायचं नसेल तर मुखत्यारपत्र लागतं. सोबत इन्कॉर्पोरेशन सर्टिफिकेट म्हणजे कंपनीच्या नोंदणीचा दाखला, मेमोरँडम आणि आर्टिकल्स म्हणजे कंपनीची उद्दिष्टं आणि नियम, संचालक मंडळाचा ठराव, सही करणाऱ्याच्या पासपोर्टची नक्कल. कोणता कागद किती जुना चालेल हे त्या नोटरीकडूनच ईमेलवर लिहून घ्यावं. अपॉस्टिलला स्वतःची मुदत नसते, पण कागद घेणारा मुदत घालू शकतो.

ठराव आणि मुखत्यारपत्र हे खाजगी कागद. त्यांना सरळ अपॉस्टिल मिळत नाही, आधी नोटरी लागतो. नोटरीनं नुसतं 'अटेस्टेड' मारून भागत नाही. पासपोर्ट पाहून ओळख पटवली, सही माझ्यासमोर झाली, असा मजकूर हवा, खाली रजिस्टरचा अनुक्रमांक आणि तारीख हवी. नोटरीची सनद पाच वर्षांची असते, तिची मुदत संपलेली नाही ना हे आपणच बघून घ्यावं. मुखत्यारपत्राला ५०० रुपयांचा स्टॅम्प लावला होता, तो कंपनीच्या नावावर आणि सहीच्या तारखेआधी घेतलेला.

इन्कॉर्पोरेशन सर्टिफिकेट आता डिजिटल सहीचं येतं. ते पीडीएफ नुसतं उघडून प्रिंट काढलं की सहीवर प्रश्नचिन्ह छापून येतं, आणि तेवढ्यावर कागद परत येतो. आधी संगणकावर सही व्हॅलिडेट करायची, हिरवी खूण आली की मग प्रिंट.

नावांचा घोळ आपल्याकडे फार. डीआयएनमध्ये, म्हणजे संचालकाच्या सरकारी ओळख क्रमांकाच्या नोंदीत, वडिलांचं नाव धरून पूर्ण नाव, पासपोर्टवर नुसतं नाव-आडनाव. ठरावात आणि मुखत्यारपत्रात पासपोर्टवरचंच नाव घ्यावं आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं ठरावातच एका वाक्यात लिहावं. कंपनीचं नावही सगळीकडे 'प्रायव्हेट लिमिटेड' असं पूर्ण. एका कागदावर 'प्रा. लि.' आणि दुसऱ्यावर पूर्ण, असं अजिबात ठेवू नये.

नोटरीनंतर कंपनीचे कागद मान्यताप्राप्त चेंबर ऑफ कॉमर्सकडे जातात, तिथून परराष्ट्र मंत्रालयाकडे. 'मंत्रालय' ऐकलं की सांगलीतली माणसं फाईल घेऊन थेट मुंबईच्या मंत्रालयात जातात. तो रस्ता पदवी आणि जन्मदाखल्यांचा. कंपनीच्या कागदांना तिथं जायची गरज नाही. परराष्ट्र मंत्रालय जुलै २०१२ पासून लोकांकडून थेट कागद घेत नाही, नेमलेल्या एजन्सीमार्फतच द्यावे लागतात. सरकारी फी एका कागदाला ५० रुपये, एजन्सीचा आकार वेगळा. चाळीस पानांचे आर्टिकल्स एकत्र बांधलेले असले तर तो एकच कागद धरला जातो. म्हणून तर बांधणी महत्त्वाची.

याच कंपनीचा माल जर्मनीलाही जातो. उरलेली एक प्रत तिकडं वापरू का, असं मालकांनी विचारलं होतं. नाही चालत. अपॉस्टिलचा हेग करार १९६१चा, भारतात तो १४ जुलै २००५ पासून लागू आहे. पण भारताच्या प्रवेशाला जर्मनीनं हरकत घेतली, त्यामुळे दोघांमध्ये तो लागूच नाही. भारतातलं अपॉस्टिल तिथं उपयोगाचं नाही. दुबईचंही तसंच: अमिराती करारात नाहीत, तिथं दूतावासाचं अटेस्टेशन लागतं. शेजारच्या ओमानला मात्र अपॉस्टिल चालतं. देश विचारल्याशिवाय एकही कागद नोटरीकडे नेऊ नये, हे मी प्रत्येकाला पहिल्या फोनवरच सांगतो.

मुखत्यारपत्र पहिल्यापासून करावं लागलं. नवा स्टॅम्प, संचालकांची पुन्हा सही, पुन्हा चेंबर, पुन्हा मुंबई. बाकीचे चार कागद कुणी उघडले नव्हते, ते तसेच वापरले. या खेपेला नोटरीच्या टेबलावरच चारही पानांना आयलेट, म्हणजे धातूची छोटी कडी, मारलं, रिबन ओवून तिची टोकं शेवटच्या पानावर चिकटवली आणि त्यावर अर्धा रिबनवर, अर्धा कागदावर येईल असा शिक्का घेतला. प्रत्येक पानावर 'पान ४ पैकी १' असा क्रमांक आणि संचालकांची छोटी सही. संच सांगलीत परत आल्यावर स्टिकरवरचा नंबर आणि तारीख परराष्ट्र मंत्रालयाच्या साइटवर टाकून नोंद जुळते का ते पाहिलं. मग सपाट काचेच्या स्कॅनरवर एकेक पान उलटत स्कॅन केला. कोपऱ्यांच्या सावल्या आल्या, रिबन दिसली. तोच स्कॅन डच नोटरीला आधी ईमेल केला, त्यांचा होकार आला आणि मग पाकीट बंद केलं.