बेंथमची तळटीप

आजची सगळी दुपार इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमच्या १७८९ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथातील प्राण्यांविषयीच्या एका तळटीपेतच गेली. प्राणी म्हणजे जणू यंत्रेच, असे फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त सतराव्या शतकात मांडून गेला होता. बेंथम मात्र त्यांना विचार करता येतो का, बोलता येते का, हे प्रश्नच बाजूला सारतो आणि त्यांना वेदना होतात का, एवढेच विचारतो. पूर्ण वाढलेला घोडा किंवा कुत्रा महिनाभराच्या तान्ह्या बाळापेक्षा अधिक समजदार असतो, हा त्याचा दाखला बिनतोड आहे. गंमत म्हणजे त्याच टिपेत तो मांसाहाराला खुशाल मुभा देतो, कारण जनावराला पुढच्या दुःखाची धास्ती नसते. हे मला तितकेसे पटले नाही. ब्रिटिश संसदेने १८२२ मध्ये गुरे, घोडे व मेंढ्यांच्या छळाला कायद्याने मनाई केली. कुत्र्यांना मात्र १८३५ पर्यंत थांबावे लागले.