आधी शोध, मग पाना : आमची वाटचाल

इंदूरमधल्या राजेंद्रनगरच्या आमच्या गॅरेजात एसीचं काम होत नाही, डेंटिंग-पेंटिंग होत नाही, गाडी नुसती धुऊनसुद्धा मिळत नाही. येतात त्या बहुतेक पंधरा-वीस वर्षं जुन्या गाड्या आणि तक्रारी ठरलेल्या: चाक तापतं, जळका वास येतो, अ‍ॅव्हरेज पडलं, गाडी एका बाजूला ओढते. थोडक्यात ब्रेक लागतो, पण सुटत नाही. एवढ्या एका कामावर गॅरेज कसं चालणार, असं सुरुवातीला घरातल्यांनीही विचारलं होतं. चालतंय.

सुरुवात बाबांची. ते रोडवेजच्या वर्कशॉपमध्ये बसच्या ब्रेकवर होते. नोकरी सोडून त्यांनी शहरातल्या छावणी भागात पत्र्याची शेड घेतली, तेव्हा येणाऱ्या गाड्या म्हणजे अँबेसेडर आणि फियाट, चारही चाकांना ड्रम ब्रेक. तापलेलं चाक ओळखायला बाबांकडे साधन एकच, पाण्याचा मग. बोटं बुडवून चारही ड्रमवर थेंब शिंपडायचे. तीन चाकांवरून पाणी नुसतं ओघळायचं आणि चौथ्यावर चर्र व्हायचं, की गिऱ्हाइकाला वेगळं काही सांगावं लागत नसे.

त्यांचा दुसरा हट्ट म्हणजे ब्रेकच्या कामाचा वेगळा ट्रे. त्यात पेट्रोल, रॉकेल, ग्रीस काही म्हणता काही जायचं नाही. चाकातला ब्रेक दाबणाऱ्या व्हील सिलिंडरची रबरं ब्रेक ऑइलनेच धुवायची. इंजिन ऑइल किंवा रॉकेल लागलं की ते रबर फुगतं, फुगलेलं वॉशर सिलिंडरमध्ये आवळून बसतं आणि चांगला ब्रेक चिकटायला लागतो. एखाद्या पोराने काळे हात त्या ट्रेत घातले, तर बाबा सगळं ऑइल टाकून द्यायला लावत आणि वर अस्सल इंदुरी हिंदीत त्याचा उद्धार करत. तो ट्रे अजून आहे. पोरं बदलली, उद्धाराची भाषा तीच.

इंदूरला बसून ब्रेकचं काम शिकायची एक सोय आहे. शहर माळव्याच्या पठारावर आणि महेश्वर, मंडलेश्वर, ओंकारेश्वर खाली निमाडात, नर्मदेकाठी. महूहून जाम दरवाजामार्गे उतरा नाहीतर खंडवा रस्त्याने भेरूघाटातून, ब्रेकची परीक्षा होतेच. रविवारी मंडळी सहकुटुंब महेश्वरला जातात आणि सोमवारी गाडी आमच्या दारात. पेट्रोल वाचवायला घाट न्यूट्रलमध्ये उतरणारे अजून भेटतात; त्यांच्याशी मी वाद घालत नाही, काढलेले पॅड, म्हणजे चाकाची डिस्क आवळणारे तुकडे, हातात देतो.

चिकटणारा ब्रेक म्हणजे फक्त अ‍ॅव्हरेजचं नुकसान, असं बरेच जण धरून चालतात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ३ प्रतीचं ऑइल नवं असताना २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेलं असलं तर हा आकडा १४० पर्यंत खाली येऊ शकतो. आता ज्या चाकाचा ब्रेक सपाट रस्त्यावरच घासतोय, ते घाटाच्या तोंडाशी आधीच तापून आलेलं असतं. त्यात दोन-चार वळणांवर पाय दाबला की ऑइल उकळतं, पाइपात वाफ होते आणि पेडल सरळ जमिनीला टेकतं. म्हणून ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला असं आम्ही सांगतो. लोक मान डोलावतात.

मी गॅरेजात आलो तेव्हा छावणीतली जागा पुरेनाशी झाली होती, आणि आजूबाजूच्या कामाची पद्धतही बदलली होती. चाक तापतंय ना, पॅड बदला. तरी तापतंय, पॅड दाबणारा कॅलिपर बदला. तरीही नाही, मग पेडलच्या जोराने ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर. गिऱ्हाईक तीनदा पैसे मोजतं आणि चौथ्यांदा गाडी विकायला काढतं. पार्ट विकण्यात चार पैसे सुटतात, शोधण्यात वेळ जातो, हे धंद्याचं गणित मलाही कळत होतं. तरी मी ठरवलं, ब्रेक नेमका कुठे अडकलाय ते सापडल्याशिवाय पार्ट मागवायचा नाही, आणि शोधण्याचे पैसे वेगळे घ्यायचे.

"भिया, सिर्फ देखने के पैसे?" हे वाक्य मग बरेच महिने ऐकलं. काही जण गाडी वळवून निघूनही गेले. बाबांनाही पटलं नव्हतं. नुसतं बघण्याचे पैसे त्यांनी आयुष्यात घेतले नव्हते. संध्याकाळच्या चहावर आमची यावरून जुंपायची. शेवटी ते म्हणाले, "घे बाबा पैसे. पण गिऱ्हाइकाला समोर उभं करून दाखवायचं. त्याच्या हाताने चाक फिरवून घ्यायचं. नाही दाखवता आलं, तर एक रुपया घ्यायचा नाही." ही अट गॅरेजला फार मानवली.

दाखवायचं म्हणजे काय, ते सांगतो. गाडी घेऊन आम्ही बायपासला जातो. शहरातल्या सिग्नलला ब्रेक तसेच तापतात, त्यातून काही कळत नाही. मोकळ्या रस्त्यावर ब्रेकला शक्यतो पाय न लावता आठ-दहा किलोमीटर चालवायची, इंजिनवरच हळू करत परत आणायची आणि लगेच चारही चाकांवर इन्फ्रारेड थर्मामीटरची बंदूक धरायची. चकचकीत डिस्कवर धरली तर ती कमी आकडा दाखवते, म्हणून कॅलिपरच्या अंगावर किंवा ड्रमच्या गंजलेल्या पाठीवर धरतो. किती अंश आले यापेक्षा डावं-उजवं सारखं आहे का, हे पाहायचं. एकच चाक तापलं तर दुखणं त्या चाकापाशी: कॅलिपरचा पिस्टन, कॅलिपर सरकतो त्या गाइड पिन नाहीतर ऑइलचा रबरी होज पाइप. मागचंच तापलं तर हँडब्रेकची केबल, ड्रमला आतून घासणारे शू, व्हील सिलिंडर. चारही तापली, तर चाकं खोलत बसायचं नाही. बॉनेट उघडायचं.

रामबागेतल्या एका निवृत्त सरांची मारुती झेन अशीच आली. त्या झेनचं उत्पादन २००६ मध्ये बंद झालं, पण इंदुरात त्या अजून बऱ्याच आहेत आणि मालक त्यांना घरच्यासारखं जपतात. सरांची गाडी सकाळी उत्तम चालायची. अर्ध्या तासाने जड व्हायची, मग इतकी की फर्स्टमध्येसुद्धा ओढेना. टो करून गॅरेजला नेईपर्यंत चाकं गार आणि मोकळी. जिथे नेली तिथे पुढचे पॅड बदलले, नंतर दोन्ही कॅलिपरना रबरी सिलांचं किट टाकलं. फरक शून्य. सर बोलता बोलता म्हणाले, "बाकी काही म्हणा, बूस्टर बदलल्यापासून पेडल मात्र झकास झालंय. पाय ठेवला की ब्रेक." बूस्टर म्हणजे पायाचा जोर वाढवणारा डबा, तो जुन्या मालाच्या बाजारातून आणून बसवला होता.

गाडी बायपासवरून परत आणली तेव्हा चारही चाकांमधून धग येत होती. पुढचं चाक जॅकवर घेतलं आणि सरांना फिरवायला सांगितलं. दोन्ही हातांनीही हलेना. मास्टर सिलिंडर बूस्टरला दोन नटांवर बसलेला असतो. ते दोन्ही ढिले केले आणि सिलिंडर एका वॉशरच्या जाडीएवढा पुढे ओढला. "आता फिरवा." सरांनी एका बोटाने फिरवलं.

कारण असं. पेडल सोडलं की मास्टर सिलिंडरमधला पिस्टन पूर्ण मागे यायला हवा. तो मागे आला की सुईच्या टोकाएवढं एक भोक उघडतं, आणि तापून फुगलेलं ऑइल त्यातून वरच्या टाकीत परत जातं. सरांच्या बूस्टरची दांडी किंचित लांब होती. तिने पिस्टन कायम थोडा पुढे रेटून धरला होता आणि ते भोक झाकलं गेलं होतं. ऑइल कोंडलेलं, त्यामुळे पॅड जरासे घासणार. घासल्याने ऑइल तापणार, तापल्याने फुगणार, फुगल्याने पॅड आणखी आवळणार. तासभर उभी राहिली की सगळं गार आणि मोकळं. पेडल झकास वाटत होतं तेही याचमुळे, ब्रेक निम्मा लागलेलाच होता.

दांडीचं टोक फिरवून आत घेतलं, मोकळीक मोजून सिलिंडर पुन्हा बसवला आणि टाकीचं झाकण उघडं ठेवलं. आमच्या पोराने पेडलला जेमतेम पाय टेकवला, की टाकीतल्या ऑइलवर इवलीशी उसळी दिसायची. भोक उघडं असल्याची ती खूण. सर चष्मा कपाळावर चढवून पुन्हा पुन्हा पेडल दाबायला सांगत होते. जळून काचेसारखे गुळगुळीत झालेले पॅड, तापून कडक झालेली कॅलिपरची सिलं आणि ऑइल बदलावं लागलंच, चाकांच्या बेअरिंगचं ग्रीसही नवं भरलं. मूळ दुखण्याला मात्र नवा पार्ट एकही लागला नाही. सरांनी ही गोष्ट रामबाग, नारायणबाग या मराठी वस्त्यांत सांगितली, गणेशोत्सवाच्या मांडवात तर खासच रंगवून. त्यानंतर 'देखने के पैसे'वर वाद घालणारं मराठी गिऱ्हाईक मला फारसं भेटलं नाही.

एका चाकाचं काम याहून सोपं, पण फसवं. चाक जॅकवर, हाताने फिरत नाही. कॅलिपरचं निपल, म्हणजे ऑइल बाहेर काढायची तोटी, थोडं ढिलं केलं. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं, तर ऑइल कोंडलंय, कॅलिपरला दोष देऊ नका. निपल उघडूनही सुटलं नाही, तर पिस्टन गंजलाय किंवा गाइड पिन सुकल्यात. ऑइल कोंडलेलं निघालं तर आम्ही एक पायरी मागे जातो. निपल बंद करून पुन्हा ब्रेक दाबायचा आणि या वेळी होज जिथे लोखंडी पाइपाला मिळतो तो जोड ढिला करायचा. तिथे चाक सुटलं नाही, तर होज आतून गेलाय. बाहेरून नव्यासारखा दिसतो, पण आतलं रबर सोलवटून त्याची जीभ सुटलेली असते आणि ती विहिरीवरच्या पंपाच्या फूटव्हॉल्व्हसारखी वागते. पायाच्या जोरापुढे ऑइल जातं, परतताना तेवढा जोर नसतो, जीभ मिटून बसते. जुन्या सँट्रो आणि इंडिकांमध्ये हे आम्हाला बरेचदा सापडतं. होज बदलायचे तर डावा-उजवा जोडीने बदलतो, यावर घासाघीस चालत नाही.

पावसाळ्यात मात्र फारसं शोधावं लागत नाही. गाडी आठवडाभर हँडब्रेक ओढून उभी, केबलमध्ये पाणी, शू ड्रमला चिकटलेले. गाडी कुठे उभी करता एवढं विचारलं तरी निम्मं उत्तर मिळतं.

आता राजेंद्रनगरला दोन लिफ्ट आहेत. आमचा थोरला कारागीर बाबांच्या हाताखाली शिकलेला, धाकटे दोघे आयटीआयचे. पुतण्या स्कॅनर घेऊन बसतो, कारण एबीएसच्या, म्हणजे ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणाऱ्या, गाड्याही आता जुन्या होऊन यायला लागल्यात आणि काहींना हँडब्रेकच्या जागी नुसतं बटण आहे. त्या बटणामागच्या मोटरी अडकल्या तर काय करायचं, ते मी त्याच्याकडून शिकतोय. तो तपासणीची पावती मोबाइलवर पाठवतो. चारही चाकांचे आकडे त्यात असतात, डावं आणि उजवं शेजारी-शेजारी. बाबा रोज येतातच असं नाही, पण आले की आधी ट्रे बघतात.

येणाऱ्यांना एवढंच सांगणं. चाकाजवळून धूर निघत असेल किंवा पेडल खाली जात असेल तर चालवू नका, फोन करा, आम्ही येतो. नुसतं तापत असेल, तर सकाळी लवकर गाडी चालवतच आणा, चाकांवर पाणी मारू नका, आणि वाटेत पोह्यांना थांबू नका. तुमची प्लेट संपेपर्यंत ब्रेक गार होतो आणि मग आम्हाला पुन्हा बायपास गाठावा लागतो. पोहे आमच्या गॅरेजासमोरही मिळतात.