जिन्यावरून तळमजल्यावर : आमच्या दंत दवाखान्याची वाटचाल

२००४ च्या दसऱ्याला पंढरपुरात, प्रदक्षिणा मार्गालगतच्या एका बोळात, पहिल्या मजल्यावर आमचा दवाखाना सुरू झाला. एक खुर्ची, एक वापरलेला कॉम्प्रेसर, मी आणि मदतीला एक ताई. जिना दगडी, अरुंद, मधे एक वळण. जागा मिळाल्याचा आनंद इतका होता, की त्या वळणावरून स्ट्रेचर उतरेल का, हा प्रश्न मनात आलाच नाही. दात काढायला आलेला माणूस आपल्या पायांनी येतो आणि आपल्या पायांनी जातो, हेच मी धरून चालले होते.

पुढे खुर्च्या तीन झाल्या, माणसं वाढली, जागा बदलली. पण या दवाखान्याचे जे मोठे निर्णय झाले, ते खुर्चीत अचानक काही घडल्यामुळेच झाले. म्हणून वाटचाल लिहायची तर तीच लिहिते.

पहिली वेळ २००५ ची. कॉलेजचा धडधाकट मुलगा, अक्कलदाढ काढायला आलेला. इंजेक्शन दिलं, तो दोन जांभया देऊन म्हणाला, "मॅडम, कसंतरी होतंय." चेहरा पांढरा पडला, कपाळावर गार घाम. मी घाबरून त्याला सरळ बसवलं, ताईंनी तोंडाशी पाणी धरलं. त्याची मान कलली आणि हातपाय झटकले गेले. फिट आली म्हणून मी हादरले. ती फिट नव्हती. भीतीनं नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, मेंदूला रक्त कमी पडतं. अशा वेळी माणूस बसलेला ठेवला तर मेंदूची उपासमार आपणच लांबवतो. खुर्ची पूर्ण आडवी करून पाय वर उचलायचे, एवढंच करायचं होतं. ते केल्यावर अर्ध्या मिनिटात त्यानं डोळे उघडले. हे मी परीक्षेत लिहून पास झाले होते, आणि वेळ आली तेव्हा हातानं उलटं केलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

दंतवैद्याच्या खुर्चीत सर्वांत जास्त वेळा घडणारा प्रकार हाच, साधी भोवळ. ती तरण्या पुरुषांमध्ये जास्त दिसते, म्हाताऱ्या बायकांमध्ये कमी. म्हणून आता आम्ही इंजेक्शन आडवं झोपवूनच देतो, आणि दिल्यावर खोली सोडून जात नाही. गरोदर बाई असेल तर उजव्या कुशीखाली उशी देऊन तिला थोडं डावीकडे कलतं ठेवतो, नाहीतर पोटाच्या भारानं मोठी शीर दबते आणि तिला त्यामुळेच चक्कर येते. आडवं करूनही दोन-तीन मिनिटांत माणूस पुरता शुद्धीवर आला नाही, तर ती साधी भोवळ नाही असं समजून पुढची हालचाल सुरू करायची.

दुसरा प्रसंग आमच्या गावचाच म्हणायला हवा. इथे पंधरवड्याला एकादशी, आणि उपास पाळणारी माणसं घरोघरी. २००९ मध्ये एक आजोबा सकाळी मधुमेहाची गोळी घेऊन, पोटात काही न घालता आले. एकादशी होती आणि वर दात काढायचा, म्हणून पाणीसुद्धा बेतानं प्यायलेले. खुर्चीत बसल्यावर ते चिडचिड करू लागले, शब्द अडखळायला लागले, सदरा घामानं भिजला. मला वाटलं, घाबरलेत. ताई म्हणाल्या, "मॅडम, हे घाबरणं वाटत नाही." दवाखान्यात साखर तपासायचं यंत्र नव्हतं. समोरच्या मेडिकलमधून आणलं, तर आकडा ४८. सत्तरच्या खाली गेला की धोका. ते गिळू शकत होते, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळून दिली. आजोबा ग्लास बाजूला सारायला लागले, तेव्हा ताईच म्हणाल्या, "माउली, साखर उपासाला चालते." प्यायले. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, आकडा वर आला, मग केळं दिलं. तरी एकट्याला घरी सोडलं नाही, मुलाला बोलावून फिजिशियनकडे पाठवलं. ते घेत होते त्या प्रकारच्या गोळीचा अंमल बराच वेळ टिकतो, साखर पुन्हा उतरू शकते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र साखर, पाणी काहीही घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. तिथे शिरेतून ग्लुकोजच लागतं.

त्या दिवसापासून रिसेप्शनवर पहिला प्रश्न असतो, "सकाळपासून काय खाल्लंत?" आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघून आम्ही एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवारी मधुमेहाच्या पेशंटला दात काढायची वेळ देत नाही.

प्रश्न कसा विचारायचा, हे शिकायलाही वर्षं गेली. फॉर्मवर "रक्तदाब आहे का?" या रकान्यात लोक "नाही" लिहायचे. एका मावशींचा दाब मोजला तर १९० वर. विचारलं तर म्हणाल्या, "गोळी चालू आहे ना, म्हणून नाही लिहिलं." त्यांचं उत्तर त्यांच्या परीनं बरोबरच होतं. तेव्हापासून आम्ही आजाराचं नाव विचारत नाही. रोज कुठल्या गोळ्या घेता, ती पिशवी घेऊन या, एवढंच सांगतो. पिशवीत रक्त पातळ करणारी गोळी सापडते, थायरॉइडची सापडते, दम्याचा पंप सापडतो. लग्नाच्या वयाच्या मुलींची फिटची गोळी मात्र पिशवीतही नसते. एका मुलीला खुर्चीत झटका आला तेव्हा बाहेरच्या बाकावरून कुणी कांदा घेऊन धावलं, कुणी दातात चमचा घाला म्हणालं. आम्ही तोंडातलं सगळं साहित्य काढलं, ट्रे दूर सारला, तिला कुशीवर वळवून घड्याळाकडे बघत राहिलो. दोन मिनिटांच्या आत थांबलं. पाच मिनिटांवर गेलं असतं तर १०८ ला फोन ठरलेलाच होता. नंतर तिची आई मला बाजूला घेऊन रडली, म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही कुणाला बोलला असता." असं वाटणारी ती एकटी नाही. आता मुलींशी ती विचारपूस मी स्वतः, दार लावून करते.

औषधांच्या पेटीचंही सांगायला हवं. सुरुवातीला मी वीस-बावीस औषधांची तयार पेटी विकत घेतली होती. कुलूप लावून कपाटात. २०१२ मध्ये एका बाईंना खुर्चीत दम्याचा अटॅक आला, पंप घरी राहिलेला. पेटी उघडली तर कुठलं औषध कधी द्यायचं ते मला चिठ्ठी वाचून समजत होतं. ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला होता, पण त्याची चावी सापडेना. चार मिनिटं गेली. त्या बाई पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून श्वास ओढत होत्या, आणि मी सवयीनं त्यांना आडवं करायला निघाले होते. भोवळ आलेल्याला आडवं, दम लागलेल्याला बसतं ठेवायचं. मेडिकलमधून साल्ब्युटामॉलचा पंप आला, चार-सहा फवाऱ्यांनी त्यांना उतार पडला.

आता पेटीत मोजकं आहे, आणि ते औषधाच्या नावानं नाही, लक्षणाच्या नावानं लावलेलं आहे. चार लाल पाकिटं : दम, साखर, छाती, ॲलर्जी. ॲलर्जीच्या पाकिटात ॲड्रेनॅलिनच्या तीन ॲम्प्यूल, एक मिलीलीटरच्या सिरिंज, आणि मोठ्या अक्षरात : मोठ्या माणसाला अर्धा मिलीलीटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, पाच मिनिटांत उतार नसेल तर पुन्हा. ॲलर्जीनं घसा सुजून दाब कोसळतो तेव्हा जीव वाचवणारं औषध हेच, बाकीची इंजेक्शनं त्याच्या मागून. इतक्या वर्षांत एकदाही लागलेलं नाही. तरी मुदत संपली की आम्ही ते टाकून नवं आणतो, रंग गुलाबी-तपकिरी दिसला तर मुदतीआधीच. सिलिंडरची चावी साखळीनं त्याच्या मानेलाच बांधली आहे.

२०१५ मध्ये तुळशीमाळांच्या दुकानाचे मालक आले. डावीकडचा खालचा जबडा दुखतोय, दाढ काढून टाका म्हणाले. एक्स-रे साफ. दाढ ठोकून बघितली, गार पाणी लावलं, काही दुखेना. विचारलं, "कधी दुखतं?" म्हणाले, "पोतं उचललं की. बसलो की थांबतं. आज मात्र तुमचा जिना चढल्यापासून थांबतच नाही." कपाळ ओलं झालं होतं. मी हातातलं हत्यार खाली ठेवलं. हृदयाची कळ जबड्यातही येते, हे वाक्य त्या क्षणी मला पहिल्यांदा खरं कळलं. ॲलर्जी, रक्तस्राव, जठराचा त्रास विचारून ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला दिली. रक्तदाब ठीक होता, व्हायग्रासारखी जोमाची कुठली गोळी घेतली नव्हती, म्हणून हृदयाच्या कळेवरची, जिभेखाली ठेवायची गोळी दिली. ताईंनी १०८ लावला. गाडी आली, पण जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर अडला. त्यांना पायी उतरवायचं नव्हतं. शेवटी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोघांनी उचलून खाली आणलं. सोलापुरात अँजिओप्लास्टी झाली, वाचले.

त्याच आठवड्यात मी तळमजल्याची जागा शोधायला लागले. पुढच्या वर्षी स्टेशन रोडकडच्या जागेत आलो. भाडं दुप्पट, वर बँकेचं कर्ज, आणि देवळाजवळची जागा सोडली म्हणून घरच्यांची नाराजी. पण दार रुंद आहे, आणि खुर्चीच्या दोन्ही बाजूंना उभं राहता येतं. जुन्या जागेत खुर्ची भिंतीला टेकलेली होती. कुणाचं हृदय थांबून छातीवर दाब द्यायची वेळ आली असती तर दुसऱ्या माणसाला उभं राहायलाच जागा नव्हती. आता खुर्चीच्या आडव्या केलेल्या पाठीखाली सरकवायला एक लाकडी स्टूल तिथेच असतो, म्हणजे दाब देताना खुर्ची हलत नाही.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी आम्ही सराव करतो. कुणीतरी पेशंट होतं, मी लक्षणं सांगते. पहिल्याच सरावात कळलं होतं की कपाटाची चावी माझ्या पर्समध्ये असते. त्या दिवसापासून कुलूप गेलं. मी पेशंटजवळ, सहायक पेटी आणि ऑक्सिजन आणणार, रिसेप्शनच्या ताई फोन लावून रस्त्यावर जाऊन उभ्या राहणार, आणि सर्वांत नवीन मुलगी घड्याळ बघून फळ्यावर वेळ लिहिणार. छातीवरचा दाब मिनिटाला १०० ते १२०, खोली पाच-सहा सेंटीमीटर. हे झाडलोट करणाऱ्या मावशींनाही येतं. त्यांचे हात आमच्यात सर्वांत मजबूत आहेत.

एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजनचा तुटवडा पडला तेव्हा आमचा सिलिंडर शेजारच्या घरी गेला. तो परत येईपर्यंत आम्ही दात काढले नाहीत, फक्त औषधं लिहून दिली. उत्पन्न बुडालं, पण त्या निर्णयावर घरात कुणी वाद घातला नाही.

आषाढीच्या दिवसांत गावात गाडी शिरत नाही. तेव्हा आम्ही फक्त दुखणं कमी करतो, मोठं काम करत नाही, आणि गर्दीतून बाहेर नेणारा रस्ता आधी पायी चालून बघतो. वारकरी शेकडो किलोमीटर चालून आलेले असतात, त्यात उपास. माउलींना खुर्चीत घेण्याआधी बोट टोचून साखर बघतो.

२०२२ मध्ये हृदयाला शॉक देणारं यंत्र, एईडी, घेतलं. ते खुर्चीजवळ नाही, रिसेप्शनच्या बाहेरच्या भिंतीवर आहे, आणि शेजारचा मेडिकलवाला, समोरचा चहावाला, दोघांना ते उघडता येतं. अजून कुणासाठी उघडावं लागलेलं नाही. पॅडची मुदत येत्या मार्चमध्ये संपते, नवे मागवले आहेत.